सिनेमाची डबी काउंटरवरच उघडून बघा (विद्यापीठाच्या ग्रंथालयातून सिनेमा आणणाऱ्यांसाठी धागा)

बाळीवेस | ३ नोव्हेंबर, रात्री १०:४२

आधी रडगाणं गातो, मग प्रश्न विचारतो.

एम.ए.चं दुसरं वर्ष चालू आहे. लघुप्रबंधाला विषय घेतलाय डॉ. कोटणीस आणि त्यांच्यावरचा सिनेमा. कोटणीसांचं स्मारक आहे त्या भैय्या चौकातून रोज ये-जा करणाऱ्यांना कोटणीस कोण ते सांगायला नको, पण इथं बाहेरगावचेही असतात म्हणून दोन ओळी. द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूरचा, १९१०. काँग्रेसनं १९३८ साली चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यातले एक. बाकीचे परत आले, हे ९ डिसेंबर १९४२ ला तिकडंच गेले. ख्वाजा अहमद अब्बासांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यावरून व्ही. शांतारामांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. कोटणीसांचं काम शांतारामांनी स्वतःच केलं.

सिनेमा मी यूट्यूबवर बघितला होता. पण आमच्या मॅडम म्हणाल्या, "कुणी चढवलाय, मधे कुठं कापलाय, काही पत्ता नाही. उद्या तो उडाला तर तुझी तळटीप कशाच्या आधारावर उभी राहणार? ग्रंथालयात प्रत आहे का बघ." मला वाटलं, ग्रंथालयात सिनेमा कशाला असतोय! कार्ड काढल्यापासून माझा तिथला संबंध म्हणजे पुस्तकं आणि परीक्षेच्या आधी पंख्याखालची जागा.

तिथल्या संगणकावर मराठीत नाव टाकलं तर काहीच येईना. इंग्रजी अक्षरांत कोटणीसचं स्पेलिंग तीन तऱ्हांनी करून बघितलं तेव्हा एक नोंद निघाली. व्हीसीडी, २ नग, शेरा ‘इश्यू नाही’. काउंटरवर विचारलं तर दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग शिपाईमामा किल्ल्यांचा जुडगा घेऊन आतल्या खोलीत गेले आणि एक लोखंडी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यांत प्रबंधांच्या सीड्या, खालच्या दोन कप्प्यांत सिनेमे. शंभरेक तरी असतील. मॅडमच्या सहीचा अर्ज दिला, दोनशे रुपये अनामत भरली, तीन दिवसांची मुदत मिळाली. म्हणजे ‘इश्यू नाही’ असं लिहिलेलं असलं तरी विचारलं की मिळतं, ही पहिली गोष्ट कळली.

घरी आल्यावर आठवलं की माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. हसू नका. चाटी गल्लीत मामाचं दुकान आहे, तिथं पावत्या काढायला एक जुना डेस्कटॉप ठेवलाय. रात्री शटर अर्धं ओढून, साड्यांच्या गठ्ठ्यांना टेकून पहिली सीडी बघितली. ती संपली. दुसरी घातली. तर पडद्यावर एक बाई हसत हसत "गुड मॉर्निंग, हाऊ आर यू" म्हणायला लागली. मामा म्हणाले, "हे चीनमध्ये कसं काय?"

दुसरी सीडी इंग्रजी संभाषणाच्या कुठल्या तरी पुस्तकासोबतची. डबीत ती आधीपासूनच असणार, पण मी काउंटरवर डबी उघडलीच नव्हती. परत द्यायला गेलो तर तिथले म्हणाले, रजिस्टरला दोन नग आहेत आणि खाली तुमची सही आहे. सही आहेच की. मी खोटं बोलतोय असं कुणी म्हणालं नाही, पण विश्वास बसलाय असंही कुणाच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. "बघू, साहेब आले की." (ग्रंथालयाचं नाव देत नाही, विचारू नका.)

आता भरपाई द्यावी लागते का? उरलेला अर्धा सिनेमा नीट नोंद करता येईल असा कुठून आणू? आणि ९ डिसेंबरला विभागात हा सिनेमा दाखवायचं आमचं चाललंय, तर एक जण म्हणतो परवानगी नसली तर केस होते. खरं का?

सातरस्ता | ३ नोव्हेंबर, रात्री ११:०५

काय बे, एवढ्यासाठी अर्ज-बिर्ज, अनामत? टेलिग्रामवर सगळं पडलंय की. मामाला पण रात्रीचं जागवालास.

बाळीवेस | ३ नोव्हेंबर, रात्री ११:११

तळटिपेत टेलिग्राम लिहू का बे?

दाखलक्रमांक | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

मी जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. तुझ्या काउंटरवर काय झालं असेल ते इथं बसून सांगते.

पुस्तकाच्या शेवटच्या पानाला पाकीट चिकटवलेलं असतं, त्यात सीडी असते. तिला आम्ही ‘सोबतचं साहित्य’ म्हणतो. काही ठिकाणी ती पुस्तकातच ठेवतात, काही ठिकाणी काढून काउंटरमागं ठेवतात. आता असं समज की एकाच दिवशी एकानं सिनेमा परत केला आणि दुसऱ्यानं ते इंग्रजीचं पुस्तक. दोन्ही सीड्या टेबलावर, पाच वाजलेले, काउंटरवर हंगामी माणूस. कुठली कशात गेली कोण बघतंय? बारकोड डबीवर असतो, सीडीवर नसतो. स्कॅनरनं टुक केलं की काम झालं.

आता माझं ऐक. ती इंग्रजीची सीडी अजून तुझ्याकडं आहे की काउंटरवर ठेवून आलास? तिच्या मधल्या भोकाभोवती जो पारदर्शक भाग असतो, तिथं मार्करनं बारीक आकडा लिहिलेला असेल. तोच दाखल क्रमांक, म्हणजे रजिस्टरला नोंदवताना वस्तूला दिलेला नंबर. तो आकडा ग्रंथालयाच्या संगणकात टाकला की पुस्तक कुठलं ते निघेल. ते पुस्तक रॅकवरून काढ आणि मागचं पाकीट उघड. माझ्या अनुभवात दहापैकी सहा वेळा हरवलेलं माणिक तिथंच सापडतं.

तोवर पैसे भरू नकोस. पण आजच्या आज एक साधा अर्ज दे: अमुक तारखेला डबी नेली, आत दुसरी सीडी चुकीची निघाली, तिच्यावरचा क्रमांक असा असा. तोंडी सांगितलेलं साहेब येईपर्यंत विरून जातं. नाहीच सापडली तर बहुतेक ठिकाणी नियम असा असतो की तीच वस्तू आणून द्या, नाहीतर किंमत अधिक दंड. व्हीसीडी आता दुकानात कुठं मिळते? मग किंमत ठरवायला समितीपुढं प्रकरण जातं. आणि परीक्षेच्या तोंडावर तुझं नो ड्यूज अडकतं. अर्जाची पोच मात्र घे.

बाळीवेस | ४ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

मॅडम, काउंटरवरच ठेवून आलोय. आज जातो. भोकाभोवती बघायचं हे डोक्यातच आलं नव्हतं.

पायरीवरचा_वकील | ४ नोव्हेंबर, दुपारी २:१५

कोर्टात जेवणाची सुट्टी आहे तेवढ्यात लिहितो. केसला घाबरणाऱ्या त्या मित्राला हे वाचून दाखव.

कॉपीराइट कायदा १९५७ चा, मोठी दुरुस्ती २०१२ ची. आधी ग्रंथालयानं सिनेमा घरी द्यावा का ते बघू. सिनेमाच्या हक्कांत प्रत भाड्यानं देण्याचा हक्क निर्मात्याचा असतो. म्हणून कुणीही दुकान टाकून भाड्यानं सीड्या दिल्या तर तो प्रश्न येतो. पण २०१२ ला ‘व्यावसायिक भाडं’ याची व्याख्या कलम २(एफए) मध्ये घातली. रीतसर घेतलेली प्रत ना-नफा ग्रंथालयानं किंवा ना-नफा शिक्षणसंस्थेनं ना-नफा हेतूनं उसनी दिली, तर ते व्यावसायिक भाडं होत नाही. त्यामुळं ‘सिनेमा बाहेर देता येत नाही, कायदा आहे’ असं एखादा काउंटर म्हणाला तर तो कायदा नव्हे, ती त्यांची सवय आहे. ग्रंथालयाला स्वतःचा नियम करायचा अधिकार आहे, तो वेगळा.

आता दाखवण्याबद्दल. कलम ५२(१)(जे). शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात सिनेमा दाखवता येतो, प्रेक्षक कोण यावर अट आहे: कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे आई-वडील किंवा पालक, आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं. बस. चौकात ‘सर्वांना मुक्त प्रवेश’ असा बॅनर लावलास की या कलमाची छत्री मिटली. आणि तिकीट लावायच्या भानगडीत पडूच नका.

तुझ्या सिनेमाला तर एवढीही गरज नाही. आपल्याकडं सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं चालतो. १९४६ चा सिनेमा, म्हणजे १९४७ पासून मोजायचं. २००६ संपलं तिथं तो संपला. पूर्वी मुदत ५० वर्षांची होती, १९९२ ला ६० केली.

पण एक खोच सांगून ठेवतो. सिनेमा ज्या पुस्तकावरून केला त्याचा हक्क वेगळा. अब्बास १९८७ ला गेले, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं म्हणजे २०४७ पर्यंत. त्यामुळं भाड्याच्या हॉलमध्ये सगळ्या गावाला दाखवायचं ठरलं तर कुणीतरी हा मुद्दा काढू शकतो. वर्गात दाखवताय ना, मग बिनघोर दाखवा.

सातरस्ता | ४ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

वकीलसाहेब, मग लायब्ररीची सीडी पेनड्राइव्हमध्ये मारून घेतली तर? स्वतःसाठीच. कुणाला देत नाही, आईशप्पथ.

पायरीवरचा_वकील | ४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

तुझी शप्पथ पुराव्यात धरता येत नाही.

खाजगी वापर आणि संशोधन यासाठी ‘रास्त वापर’ आहे, कलम ५२(१)(ए). समीक्षेसाठी पण आहे. सेमिनारला तीन-चार तुकडे काढून दाखवणं त्यात बसतं असं माझं मत. अख्खा सिनेमा उतरवून ग्रुपवर टाकणं कशातच बसत नाही. शिवाय डीव्हीडीला कुलूप असतं. हक्कभंगाच्या हेतूनं ते तोडणं हा कलम ६५ए चा वेगळा गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत.

ग्रंथपाल ताईंना एक गंमत सांगतो. जतन म्हणून ग्रंथालयानं डिजिटल प्रत करून ठेवायची मुभा ५२(१)(एन) मध्ये आहे, पण अट काय? ग्रंथालयाकडं त्या कृतीची ‘डिजिटल नसलेली’ प्रत पाहिजे. म्हणजे व्हीएचएस कॅसेट असली तर चालेल. व्हीसीडी आधीच डिजिटल, मग अक्षरशः वाचलं तर ती या कलमात बसत नाही! कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यापुढं पुस्तकं होती, कपाटात कुजणारी सीडी नव्हती.

दाखलक्रमांक | ४ नोव्हेंबर, रात्री १०:०५

वा. म्हणजे कॅसेट वाचवायची परवानगी आहे, जिला चालवायचं यंत्र आता कुणाकडं नाही. आणि सीडी मरतेय तिला मरू द्यायचं.

हिंजवडीतला_सोलापूरकर | ५ नोव्हेंबर, रात्री १२:१८

कंपनीच्या बसमधून लिहितोय. तांत्रिक बाजू माझी.

ड्राइव्ह नसेल तर यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी रायटर घे. विभागात दोघा-तिघांनी मिळून एक घ्या. नव्या विंडोजमध्ये आपोआप डीव्हीडी लागत नाही, व्हीएलसी नावाचं सिनेमा लावायचं सॉफ्टवेअर टाकायचं. व्हीसीडी उघडली की आत एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर दिसतो, त्यातली डॅट फाइल व्हीएलसीत ओढली की झालं. चित्र ३५२ बाय २८८ एवढंच, म्हणून प्रोजेक्टरवर ताणलं की तोंडं चौकोनी चौकोनी दिसणार. प्रोजेक्टर पडद्याच्या जवळ घ्या, चित्र लहान ठेवा. एका व्हीसीडीत सव्वा तासाच्या आसपास मावतं, म्हणून तुझा सिनेमा दोन नगांत आहे.

परदेशातून डीव्हीडी मागवणाऱ्यांनी तिचा विभाग (रीजन कोड, म्हणजे ती कुठल्या देशांतल्या यंत्रावर चालते तो आकडा) बघा. अमेरिकेची १, आपली ५. संगणकाच्या ड्राइव्हचा विभाग पाचदाच बदलता येतो, पाचव्यांदा जो ठेवला तो कायमचा. आमच्या हॉस्टेलवर एकानं मित्राच्या ड्राइव्हवर हे पाचही एका रात्रीत संपवले होते. (तो एक म्हणजे मीच.)

आणि पुसायचं कसं: मधून बाहेर, सरळ. गोल गोल पुसायचं नाही. गोल ओरखडा डेटाच्या रेषेबरोबर धावतो आणि सलग भाग खातो, आडवा ओरखडा यंत्र भरून काढतं. लोक चकचकीत बाजू जपतात आणि चित्राची बाजू टेबलावर घासतात. व्हीसीडीत डेटाचा थर चित्राच्या बाजूला, नुसत्या वार्निशखाली असतो. तिकडं बॉलपेननं नाव लिहिलं की संपलं. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती जरा तग धरते.

बाळीवेस | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

दादा, एक विचारायचं राहिलं. पहिल्या सीडीवरून मी टिपलेल्या दृश्यांच्या वेळा यूट्यूबशी जुळेनात. सुरुवातीला चार-पाच सेकंदांचा फरक, पुढं दीड-दोन मिनिटं. मला वाटलं मीच चुकीचं लिहिलंय, सगळं दुसऱ्यांदा केलं.

हिंजवडीतला_सोलापूरकर | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:३२

चुकलेला नाहीस. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा. आपल्याकडची व्हीसीडी सेकंदाला २५ नं चालते. बहुतेक वेळा सरळ वेग वाढवून बसवतात, म्हणजे साधारण ४ टक्के जास्त. १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत उरकतो. आवाजही किंचित चढा लागतो, गाण्यांना लक्षात येतं. यूट्यूबवरची प्रत कशावरून केलीय त्यावर तिचा वेग. फरक हळूहळू वाढत जातोय म्हणजे वेगाचाच मामला. एकदम उडी मारली असती तर काप असता. म्हणून वेळ लिहिताना पुढं ‘व्हीसीडी, सीडी १’ असं लिहीतच जा.

रिळवाला | ५ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४५

वेगाचं वाचून जुनं आठवलं. वय ७४, टायपायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

आमच्या फिल्म सोसायटीला सिनेमा पुण्याहून यायचा. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ ला सुरू झालं, पी. के. नायर ते सांभाळायचे. सोसायट्यांना, शिक्षणसंस्थांना ते १६ मि.मी.च्या प्रती द्यायचे. पत्र लिहायचं, तारीख मागायची. मग रेल्वे पार्सलनं पत्र्याचे डबे. स्टेशनवर सोडवून आणायला मी आणि एक प्राध्यापक, सायकलवर. डबा कॅरियरला सुतळीनं बांधायचा आणि मागं एकानं धरून पळायचं. १६ मि.मी.ला मिनिटाला ३६ फूट फिल्म जाते. १६०० फुटांचं रीळ म्हणजे पाऊण तासाला जरा कमी. रीळ बदलेपर्यंत दिवे लावायचे आणि तेवढ्यात लोक वाद घालून घ्यायचे. मधेच गिरणीचा भोंगा व्हायचा, तेव्हा फ्रेंच नटी काय बोलली ते कुणालाच कळायचं नाही. खाली अक्षरं होती म्हणून निभावलं.

उन्हाळ्यात एकदा फिल्म प्रोजेक्टरच्या गेटमध्ये, म्हणजे दिव्यासमोरच्या खाचेत अडकली. दिव्याची उष्णता आणि वर सोलापूरचा मे महिना. पडद्यावर मधोमध तपकिरी डाग उठला, फुगला आणि पांढरा झाला. दोन चौकटी गेल्या. मी कात्रीनं कापून चिकटपट्टीनं जोडलं आणि परत पाठवताना चिठ्ठीत खरं काय ते लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं: ‘कळवल्याबद्दल आभार. पुढच्या वेळी रीळ उलटं गुंडाळून पाठवावं.’ जळाल्याबद्दल चकार शब्द नाही, उलटं न गुंडाळल्याबद्दल तक्रार!

बाळीवेस, तुम्ही त्या संग्रहालयाला पत्र लिहा. आता ते एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झालंय, २०२२ ला, पण संशोधकांना तिथं बसून सिनेमा बघायची सोय आहे. विभागाचं पत्र न्यायचं आणि प्रत कुठली, किती लांबीची ते विचारायचं. सोलापूर-पुणे सकाळच्या गाडीनं जाऊन रात्री परत येता येतं.

बर्फातली_चटणी | ६ नोव्हेंबर, पहाटे ४:५०

मूळची जुळे सोलापूरची, आता मिनेसोटात. इथल्या एका विद्यापीठात शिकवते. रिळवाले काका, तुमचं उत्तर नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं.

इकडं डीव्हीडी उघड्या रॅकवर असतात, विद्यार्थी उचलतो, यंत्राला दाखवतो आणि जातो. आठवडाभर ठेवता येते. एखाद्या वर्गाला लावलेला सिनेमा मात्र ‘राखीव’ टाकतात, तो तीन-चार तासच आणि तिथंच बसून बघायचा. परीक्षेच्या आठवड्यात त्या एका डीव्हीडीसाठी पोरं नंबर लावतात. वर्गात समोरासमोर शिकवताना सिनेमा दाखवायची सूट इथल्या कायद्यात पण आहे, कलम ११०(१). पण सिनेमा क्लबनं संध्याकाळी सगळ्यांना दाखवायचा तर वेगळे प्रदर्शन हक्क विकत घ्यावे लागतात.

आणि डबीचं म्हणाल तर, मी स्वतः आजवर तीनदा रिकामी डबी परत केलीय. सीडी घरच्या यंत्रातच. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाची नम्र ईमेल: आपण पाठवलेली डबी मिळाली. तिसऱ्या वेळी त्यांनी ईमेलही केली नाही, नुसता फोन करून हसल्या.

आता ओढा ऑनलाइनकडं आहे. ग्रंथालय परवाना घेतं, मुलं फोनवर बघतात. सोय आहे, पण परवान्याची मुदत संपली की सिनेमा गायब. मी दर वर्षी शिकवत असलेला एक माहितीपट या सप्टेंबरला यादीतून गेला, वर्गाच्या आदल्या दिवशी कळलं. शेवटी तळघरातून जुनी डीव्हीडी काढली. त्या दिवसापासून मी कपाटांच्या बाजूची आहे.

दाखलक्रमांक | ६ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

हे आमच्या प्राचार्यांना छापून देते. मागच्या वर्षी सगळ्या सीड्या निर्लेखित करायला, म्हणजे रजिस्टरमधून कायमच्या काढून टाकायला निघाले होते. "कोण बघतंय आता?" म्हणे. यादीत दिसत नाही, कपाट बंद, वर ‘इश्यू नाही’, मग कोण बघणार?

बाळीवेस | ७ नोव्हेंबर, दुपारी १:३७

सापडली!!!

दाखलक्रमांक मॅडमनी सांगितलं तस्संच. भोकाभोवती निळ्या मार्करनं पाच आकडे, शेवटचा ७ की १ ते कळेना. दोन्ही टाकून बघितले. एकावर अर्थशास्त्राचं पुस्तक निघालं, दुसऱ्यावर इंग्रजी संभाषण. ४२८ च्या (इंग्रजी भाषेच्या पुस्तकांच्या) रॅकवर, खालून दुसऱ्या रांगेत. मागच्या पाकिटात आपली सीडी २. पाकिटाचा गोंद सुटलेला, अर्धी बाहेर लोंबत होती. तीन वर्षांत ते पुस्तक कुणी नेलंच नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. नाहीतर त्या बिचाऱ्याला इंग्रजी शिकायला बसल्यावर चीनचं युद्ध दिसलं असतं.

साहेबांना दाखवलं. त्यांनी अर्ज फाइलला लावला, अनामत परत केली आणि म्हणाले, "अशा अजून किती असतील? शनिवारी येऊन बसतोस का?"

सातरस्ता | ७ नोव्हेंबर, दुपारी १:५०

सापडली तर शिक्षा, नाही सापडली तर दंड. भारी लायब्ररी बे.

बाळीवेस | १६ नोव्हेंबर, रात्री ९:२५

दोन शनिवार बसलो. शिपाईमामा डब्या काढून देत होते, मी उघडून आकडा वाचत होतो, समोर एक ताई रजिस्टरला टिक करत होत्या. ११८ डब्या. ९ रिकाम्या, १४ मध्ये भलतीच सीडी. त्यातल्या ८ च्या जोड्या तिथंच एकमेकांत सापडल्या, पत्त्यातल्या भिकार-सावकारसारखं. दोन सीड्यांचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटलेला, उजेडाला धरलं तर आरपार भोकं. एका डबीत २०१० सालची बसची तिकिटं.

त्या कपाटात काय काय होतं! मराठी, हिंदी तर आहेच, पण कन्नड आणि तेलुगू पण बरेच. आपल्या गावच्या मानानं ते स्वाभाविक आहे, पण यादीत त्यांची भाषा ‘इतर’ अशी लिहिलीय. शिपाईमामांचं घर अक्कलकोटकडं, त्यांनी कन्नड सिनेमांची नावं डबीवर बघून धडाधड वाचली, मला आणि ताईंना एक अक्षर येत नव्हतं. आता यादीत नावं तीन लिप्यांत टाकायचं चाललंय. कन्नडचं काम मामांना दिलंय, तेलुगूला पूर्व भागातली एक मैत्रीण येणार आहे. ‘इश्यू नाही’ काढून ‘काउंटरवर विचारा’ असं करायचं साहेबांनी मान्य केलं. घरी न्यायचं अजून ठरत नाही, पण कोपऱ्यात एक संगणक, ड्राइव्ह आणि हेडफोन ठेवतायत.

बाकी सीडी २ बघितली. अर्ध्यावर सोडलेला सिनेमा चार दिवसांनी पुढं बघताना मी वहीत दर दहा मिनिटांनी थांबवून लिहीत होतो, परत मागं नेत होतो. घरी फोनवर बघताना असं कधी केलं नव्हतं. तिथं फुकट असतं म्हणून असेल. इथं दोन वाजता परत द्यायचीय म्हटल्यावर डोकं चालतं.

रिळवाला | १६ नोव्हेंबर, रात्री १०:४०

आम्हाला तर एकदाच बघायला मिळायचा. मागं नेता येत नव्हतं म्हणून दोघं दोघं बसायचो, एकानं बघायचं, एकानं लिहायचं. नंतर वह्या अदलाबदल. माझ्या वाट्याला नेहमी लिहिणं आलं. त्या काळातले निम्मे सिनेमे मी कानानं बघितलेत.

पायरीवरचा_वकील | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

९ डिसेंबरचं काय झालं? मी ‘संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती’मध्ये बसतो का ते तपासतोय. मार्गदर्शन फुकट दिलंय, तेवढा संबंध पुरावा.

बाळीवेस | १ डिसेंबर, रात्री ८:५०

ठरलंय. विभागातच, दुपारी साडेतीन. विद्यार्थी, शिक्षक, ज्यांना आणायचेत त्यांनी आई-वडील आणा. वकीलसाहेब आणि रिळवाले काका यांना विभागप्रमुखांनी वक्ते म्हणून रीतसर पत्र काढलंय, म्हणजे कलमात बसतात. सिनेमाच्या आधी सकाळी काही जण भैय्या चौकातल्या स्मारकावर जाणार आहेत, तिथं या म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही, सगळेच या.

दाखलक्रमांक | १ डिसेंबर, रात्री ९:१५

आवाजाचं बघितलंस का? जुन्या सिनेमाच्या व्हीसीडीचा आवाज बारीक असतो, प्रोजेक्टरच्या स्पीकरवर मागच्या बाकाला ऐकू जाणार नाही. आणि दोन्ही सीड्या आदल्या दिवशी त्याच यंत्रावर शेवटपर्यंत चालवून बघ. सुरुवात चालली म्हणून समाधान मानू नकोस.

बाळीवेस | १ डिसेंबर, रात्री ९:२८

विभागाचा बाहेरचा ड्राइव्ह सीडी २ ला चाळिसाव्या मिनिटाला अडकतोय, आजच बघितलं. मामाचा डेस्कटॉप मात्र सरळ खातो. तोच उचलून आणतोय, रिक्षा सांगितलीय. मामा म्हणाले, लग्नसराई आहे, एक दिवस पावत्या हातानं लिहितो, पण रात्री आठला दुकानात मशीन पाहिजे. आणि इंग्रजीवाली बाई परत आणू नकोस म्हणाले.